सूचीची साक्ष

ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्यानें पश्चिमेकडे आलें म्हणजे डोंगर संपतां संपतां वरसावे लागतें. येथेंच हा रस्ता मुंबईहून अहमदाबादेस जाणाऱ्या महामार्गास मिळतो, आणि महामार्ग वसईची खाडी ओलांडून उत्तरेकडे निघून जातो. खाडीवरील जुन्या पुलांच्या जोडीस २०२३ सालीं नवा पूल झाला; तरी वाहनांची रीघ रात्रंदिवस तुटत नाहीं. पुलाच्या पश्चिमेस खाडी रुंदावत समुद्राकडे जाते, आणि तिच्या मुखाशीं उत्तर तीरावर वसईचा जुना किल्ला उभा आहे. चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं तो पोर्तुगीजांपासून जिंकून घेतला, ही गोष्ट महाराष्ट्रांतील शाळकरी मुलांसही ठाऊक असते. परंतु त्या विजयाच्या दोनशें वर्षें आधीं ह्याच वसईच्या परिसरांत लोहचुंबकाविषयींची एक महत्त्वाची गोष्ट एका दर्यावर्द्याच्या ध्यानांत आली, हें फारसें कोणास ठाऊक नसतें.

आज त्या पुलावरून धांवणाऱ्या मोटारींपैकीं पुष्कळांच्या पोटांत धातूचा एक अतिशय पातळ पापुद्रा बसविलेला असतो. जवळच फिरणाऱ्या दांड्याच्या टोकास एक लहानसें लोहचुंबक असतें, आणि तो दांडा किती अंशांनीं फिरला हें पापुद्रा त्यास न शिवतां सांगतो. वसईचा तो जुना अनुभव व हा आजचा पापुद्रा यांमध्यें जवळजवळ पांच शतकांचें अंतर आहे. तरी दोहोंपुढील प्रश्न एकच आहे. लोहचुंबकाच्या साह्यानें कोन मोजावयाचा, तर त्याची साक्ष कितपत खरी मानावी? ह्या प्रश्नास निरनिराळ्या काळीं जीं उत्तरें मिळालीं, त्यांचाच हा इतिहास आहे.

१५३८ सालीं पोर्तुगालहून गोव्यास आलेल्या आरमारांत जुआंव द कास्त्रु नांवाचा एक सरदार होता. पुढें १५४६ मध्यें दीवचा वेढा उठविणारा आणि १५४८ सालीं गोव्यास मरण पावलेला पोर्तुगीज सत्ताधीश तो हाच. परंतु ह्या प्रवासांत त्याच्या मनांत लढाईपेक्षां होकायंत्राची चिंता अधिक होती. होकायंत्राची सूची बरोबर उत्तरेकडे पाहत नाहीं, ती थोडी पूर्वेस किंवा पश्चिमेस कललेली असते, हें तोंवर दर्यावर्द्यांस माहीत झालें होतें. ह्या कलण्याच्या कोनास आपण दिक्पात म्हणतों. त्या काळीं कित्येक विद्वानांची अशी समजूत होती कीं, दिक्पात रेखांशाप्रमाणें नियमानें बदलतो. आणि तसें असेल तर सूचीच्या कलण्यावरून भर समुद्रांत जहाजाचा रेखांश सांगतां येईल. ही समजूत खरी कीं खोटी, यावर कित्येक जहाजांचा व माणसांचा जीव अवलंबून होता.

कास्त्रुजवळ पेद्रु नुनिश ह्या गणित्यानें योजिलेलें एक छायायंत्र होतें. त्याची रीत सोपी पण खबरदारीची होती. सकाळीं सूर्य एका ठराविक उंचीवर असतां शंकूची छाया कोणत्या अंशावर पडते तें पाहावयाचें, आणि दुपारनंतर सूर्य उतरून पुनः तितक्याच उंचीवर आला म्हणजे पुनः छाया पाहावयाची. दोन्ही छायांच्या बरोबर मध्यें खरी दक्षिणोत्तर रेषा सांपडते. सूची त्या रेषेपासून जितकी बाजूस असेल, तितका दिक्पात. ह्या रीतीनें त्यानें वाटेंत चाळीसांहून अधिक वेध घेतले, आणि दिक्पात रेखांशाच्या नियमानें चालत नाहीं असा निर्णय दिला. सर्वांस सोयीची वाटणारी आशा त्यानें स्वतःच्या आंकड्यांवरून मोडून टाकली.

ह्याच वेधांच्या ओघांत २२ डिसेंबर १५३८ रोजीं वसईच्या परिसरांत त्यास एक विलक्षण प्रकार आढळला. कांहीं खडकांच्या सान्निध्यांत सूची आपली नेहमींची दिशा सोडून भलतीकडेच वळे. यंत्र बिघडलें असें म्हणून तो वेध गाळून टाकणें अगदीं सोपें होतें. कास्त्रुनें तसें केलें नाहीं. खडकांमुळेंच सूची बहकते असें अनुमान करून त्यानें ती गोष्ट आपल्या वृत्तान्तांत नमूद करून ठेविली. जहाजावरील लोखंडी तोफा जवळ असल्या तरी सूची ढळते, हेंही त्यानें टिपलें होतें. भूचुंबकशास्त्रांत ज्यास स्थानिक आकर्षण म्हणतात, त्याच्या पहिल्या नोंदींत वसईचें नांव येतें तें यामुळें.

ह्या चमत्काराचें कारण आज सहज सांगतां येतें. सह्याद्रीचा व कोंकणचा काळा फत्तर हा ज्वालामुखीच्या रसापासून झालेला आहे. त्यांत मॅग्नेटाइट नांवाच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. रस थिजत असतां हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणें चुंबकित होतात, आणि पुढें लाखों वर्षें तसेच राहतात. असा खडक जवळ असला कीं सूचीवर दोन धनी हुकूम चालवूं लागतात, एक पृथ्वी आणि दुसरा खडक. बिचारी सूची दोघांच्या मधली कोणती तरी दिशा दाखविते. सूची खोटें बोलत नाहीं. तिच्या जागीं जें क्षेत्र असेल त्याचीच ती साक्ष देते. चूक होते ती तें क्षेत्र केवळ पृथ्वीचें मानणाऱ्या माणसाची.

कास्त्रुचें उत्तर एवढेंच होतें कीं, चूक कोठून येते तें ओळखा व लिहून ठेवा. इंग्रजी अमदानींत हाच प्रश्न मुंबईस निराळ्या रूपानें उभा राहिला. ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं कुलाब्यास वेधशाळा बांधली, ती ज्योतिषाचे वेध व जहाजांस अचूक वेळ देणें यांसाठीं. १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं नियमित निरीक्षणें होऊं लागलीं. एल्फिन्स्टन विद्यालयांतील प्रोफेसर ऑर्लेबार हे त्या कामाचे प्रमुख असून, केरो लक्ष्मण छत्रे हे त्यांच्या हाताखालीं तरुण साहाय्यक होते. ग्रहगणितांत पुढें ज्यांनीं नांव कमाविलें व लोकमान्य टिळकांनीं ज्यांस गुरु मानिलें, ते केरूनाना हेच. त्यांच्या उमेदीचीं वर्षें सूचीच्या अंश-कला मोजण्यांत गेलीं.

अशा वेधशाळेंत चुंबक धाग्यानें टांगलेला असतो. त्यास एक लहान आरसा जोडलेला असतो, आणि आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका दूरच्या मापावर पडतो. चुंबक केसभर वळला तरी ठिपका दूर सरकतो. एका अंशाच्या साठाव्या भागास कला म्हणतात. सूर्याच्या रोजच्या फेऱ्याबरोबर सूची कांहीं कला इकडे-तिकडे हालते, आणि तेवढी हालचाल टिपणें हेंच तेथील काम. हें काम वर्षानुवर्षें न चुकतां केलें, म्हणूनच सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्याच्या दप्तरांत सांपडते आणि आजचे शास्त्रज्ञ तिचा आधार घेतात.

मग मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरलें. तारेंतून विद्युत्प्रवाह वाहिला कीं जवळची सूची ढळते, हें एर्स्टेड यानें १८२० सालींच दाखविलें होतें. ट्रामचा प्रवाह वरच्या तारेनें येऊन रुळांतून व कांहीं अंशीं जमिनींतून परत जावयाचा. तेव्हां कुलाब्याच्या सूचीस दर गाडीगणिक हिसका बसणार हें उघड होतें. १८९६ पासून वेधशाळेचे प्रमुख असलेले नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे त्या जागेवरील पहिले भारतीय. शहराची सोय अडवून धरणें त्यांच्या हातीं नव्हतें, आणि बिघडलेले आंकडे चालवून घेणें त्यांच्या मनास पटण्यासारखें नव्हतें. म्हणून खाडीपलीकडे अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा बांधण्यांत आली. इमारतीसाठीं चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड आणिला व लोखंड कटाक्षानें वर्ज्य केलें.

परंतु ह्या स्थलांतरांत मोलाची गोष्ट इमारत नव्हे. १९०४ पासून १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग ह्या दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेण्यांत आले. शहाणा वाणी नवा तराजू आणिला म्हणून जुना लगेच फेंकीत नाहीं. कांहीं दिवस तोच माल दोन्ही तराजूंत घालून पाहतो आणि फरक ध्यानांत ठेवितो. तसें केल्यामुळेंच दोन ठिकाणच्या आंकड्यांची एक अखंड मालिका झाली. १९०७ सालीं विजेची ट्राम धांवूं लागली. १९१० सालीं मूस यांनीं १८४६ ते १९०५ पर्यंतच्या निरीक्षणांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९६४ मध्यें ट्राम मुंबईंतून कायमची गेली. अलिबागची वेधशाळा मात्र आजही चालू आहे, आणि १९७१ पासून ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या छत्राखालीं आहे.

उपद्रवापासून दूर जा, हें मुंबईचें उत्तर झालें. परंतु ज्यास दूर जातां येत नाहीं त्यानें काय करावें? लोखंडी जहाजांचा काळ आला तेव्हां होकायंत्रापुढें हाच पेंच पडला. विल्यम टॉम्सन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनीं १८७६ सालीं नव्या होकायंत्राचें पेटंट घेतलें. त्यांत यंत्राच्या दोन बाजूंस लोखंडाचे दोन गोळे बसवून जहाजाच्या लोखंडाचा परिणाम समोरासमोर तोलून काढण्याची योजना होती. विषाला विषाचाच उतारा, हें तिसरें उत्तर.

ह्याच टॉम्सन यांनीं त्यापूर्वीं १८५७ सालीं एक शोध प्रसिद्ध केला होता. लोखंड किंवा निकेल यांतून विद्युत्प्रवाह जात असतां त्यास जो रोध होतो, तो त्या धातूच्या चुंबकनाच्या दिशेप्रमाणें थोडा बदलतो. प्रवाह व चुंबकन एकाच रेषेंत असलीं तर रोध अधिक, काटकोनांत असलीं तर कमी. फरक इतका अल्प होता कीं जवळजवळ शंभर वर्षें तो पुस्तकांतच राहिला. तथापि त्यांत एक मोठा लाभ दडलेला होता. ज्या सूचीची दिशा वाचावयास डोळा, आरसा व प्रकाश लागे, ती दिशा आतां धातू स्वतःच विद्युत्प्रवाहाच्या भाषेंत सांगूं शकत होता. टांगलेला धागा नको, टेंकू नको, हालणारा भागच नको.

हा लाभ पदरांत पडण्यास दोन गोष्टी लागल्या. पहिली, योग्य मिश्रधातु. बेल कंपनीच्या प्रयोगशाळेंत गुस्ताफ एल्मेन यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत निकेल व लोखंड यांच्या मिश्रणांचा अभ्यास करून परमॅलॉय निर्माण केलें. त्यांतील सुमारें ८१ भाग निकेल व १९ भाग लोखंड हें प्रमाण पापुद्र्यास विशेष मानवतें. एक तर तें सहज चुंबकित होतें. शिवाय ह्या प्रमाणांत चुंबकनामुळें धातु ताणला किंवा आंखडला जात नाहीं, आणि म्हणून वेष्टनाचा दाब पडला तरी माप ढळत नाहीं. दुसरी गोष्ट, पातळ थर बसविण्याची कला. निर्वात पात्रांत सिलिकॉनच्या तबकडीवर हा धातु कांहीं दशक नॅनोमीटर जाडीचा बसवितात. चाळीस नॅनोमीटर जाडी धरली, तर असे दोन हजार थर एकावर एक रचावे तेव्हां माणसाच्या केसाची जाडी होईल. इतका पातळ झाला म्हणजे चुंबकन थराच्या पातळींतच राहतें, आणि बाहेरचें लोहचुंबक फिरेल तसें निमूटपणें फिरतें. १९७१ सालीं रॉबर्ट हंट यांनीं अशा पापुद्र्यानें ध्वनिफितीसारख्या चुंबकित फितीवरील लेख वाचण्याची युक्ति मांडली. पुढें संगणकाच्या तबकड्या वाचण्यास तिचा मोठा उपयोग झाला, आणि त्याच विद्येंतून कोन मोजणारे पापुद्रे आले.

येथून रचनाकाराचें खरें काम सुरू होतें. परमॅलॉयच्या रोधांतील बदल शेंकडा दोन-तीन एवढाच. मोटारीच्या एंजिनाजवळ उष्णता वाढली कीं रोध त्याहून कितीतरी अधिक बदलतो. मग कोनामुळें झालेला बदल कोणता व उष्णतेमुळें झालेला कोणता, हें ओळखावें कसें? यासाठीं पापुद्र्याच्या चार पट्ट्या व्हीटस्टनच्या सेतूप्रमाणें जोडतात. उष्णता चारींसही सारखीच लागते, म्हणून तिचा परिणाम तोलांत नाहींसा होतो. पट्ट्यांच्या दिशा मात्र निरनिराळ्या असल्यानें चुंबकाचा परिणाम शिल्लक राहतो.

तरीही एक अडचण उरते. उष्णतेनें चुंबकाचा परिणामही थोडा मंदावतो, आणि मग सेतु मूळ कोनापेक्षां भलताच कोन सांगूं लागतो. म्हणून पहिल्या सेतूवर दुसरा सेतु बरोबर ४५ अंश फिरवून बसवितात. एक सेतु काटकोन त्रिकोणाच्या पायाप्रमाणें मानावा, दुसरा उंचीप्रमाणें. उष्णतेनें दोन्ही बाजू सारख्या प्रमाणांत आंखडल्या तरी समरूप त्रिकोणाचा कोन बदलत नाहीं, हें भूमितीच्या पहिल्या पाठांत शिकलेलें सत्य येथें उपयोगीं पडतें. दोन सेतूंचें गुणोत्तर घेतलें कीं कोन मिळतो; त्या दोघांची शक्ति किती आहे हें विचारण्याची गरजच राहत नाहीं.

आतां कास्त्रुच्या खडकाकडे वळूं. जवळच्या भलत्या क्षेत्रापासून पापुद्र्याची सुटका कशी होते? ज्या सूचीवर पृथ्वीचा दुबळा हुकूम चाले, तिला कोणताही उपद्रव बहकवूं शके. मुंबईच्या बाजूस पृथ्वीचें क्षेत्र एका गॉसच्या निम्म्याहूनही कमी आहे. येथें रचनाकार पापुद्र्यासमोर कांहींशें गॉसचें बळकट लोहचुंबक ठेवितो. चुंबकन मग त्याच्याच रेषेंत पूर्णपणें खेंचलें जातें. त्या चुंबकाचें बळ वयोमानानें किंवा उष्णतेनें थोडें घटलें तरी हरकत नसते, कारण पापुद्रा केवळ दिशा वाचतो. पृथ्वीचें क्षेत्र ह्या बळाच्या हजारांशाएवढें धरलें, तर तें आडवें आलें तरी तीन-चार कलांपेक्षां अधिक चूक करूं शकत नाहीं. कुलाब्यास जेवढ्या कला टिपण्यासाठीं आयुष्यें वेंचलीं, तेवढ्या कला येथें उपेक्षणीय ठरतात. एकाच क्षेत्राचे हे दोन उपयोग. एकास जें धान्य तें दुसऱ्यास भूस.

ह्या योजनेसही मर्यादा आहेत, आणि चांगला रचनाकार त्या लपवीत नाहीं. चुंबकाचा मध्य दांड्याच्या मध्याशीं जुळला नाहीं तर प्रत्येक फेऱ्यांत चूक वर-खालीं होते. सेतु कितीही काळजीनें घडविला तरी त्याच्या शून्यांत थोडा ढळ राहतो. हा ढळ गुणोत्तरानें नाहींसा होत नाहीं. म्हणून कारखान्यांत कमी-अधिक उष्णतेंत चुंबक फिरवून तो मोजावा व दुरुस्त करावा लागतो. पापुद्र्याजवळ एखादा लोखंडी स्क्रू बेफिकिरीनें बसविला, तर वसईच्या खडकाचाच खेळ पुनः सुरू होतो. शिवाय चुंबक अर्धा फेरा फिरला कीं परमॅलॉयचा रोध पुनः पहिल्यासारखा होतो, म्हणून अशा पापुद्र्यास १८० अंशांपलीकडचें ज्ञान नसतें.

ही शेवटची मर्यादा पुढच्या पिढीनें ओलांडली. १९८८ सालीं फ्रान्समध्यें आल्बेर फेर व जर्मनींत पेटर ग्रुनबर्ग यांनीं, लोखंड व क्रोमियम यांचे अतिशय पातळ थर एकाआड एक रचले असतां चुंबकीय क्षेत्रानें रोधांत फार मोठा बदल होतो, असें स्वतंत्रपणें दाखविलें. ह्या शोधास २००७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या जातीच्या रचनेंत एका थराचें चुंबकन खिळवून ठेवितात व दुसऱ्याचें मोकळें सोडतात; दोहोंमधील कोन पूर्ण फेरा झाल्यावरच पुनः तसाच होतो, म्हणून ३६० अंश वाचतां येतात. १९९५ सालीं भारतांत जन्मलेले जगदीश मूडेरा यांनीं अमेरिकेंत, आणि मियाझाकी यांनीं जपानांत, दोन चुंबकित थरांमध्यें विद्युत्-रोधक पापुद्रा घालून नेहमींच्या खोलींतील उष्णतेंतही मोठा बदल मिळविला. आज कोन मोजण्यास ह्या तिन्ही जातींचे पापुद्रे वापरांत आहेत.

१९९५ सालींच मोटारी घसरूं नयेत म्हणून प्रत्येक चाकाचा ब्रेक निराळा आवळणारी यंत्रणा बाजारांत आली. तिला सर्वांत आधीं हें कळावें लागतें कीं, चालकास जावयाचें आहे कोणीकडे; म्हणजेच स्टिअरिंगचें चाक किती अंश फिरलें आहे. तें चाक तर अनेक फेरे फिरतें. त्यासाठीं दांड्यावर निरनिराळ्या दांत्यांचीं दोन लहान चक्रें जोडून प्रत्येकाचा कोन वेगळा वाचतात. सात वारांचें व सत्तावीस नक्षत्रांचें चक्र बरोबरीनें एकेक घर चालविलें, तर तीच जोडी १८९ घरांनंतरच परत येते. त्याच न्यायानें दोन चक्रांच्या कोनांवरून फेऱ्यांची संख्या ओळखतां येते. विजेवर चालणाऱ्या वाहनांतही मोटरचा गाभा क्षणोक्षणीं कोणत्या कोनांत आहे, हें असेच संवेदक सांगतात.

पावसाळ्याच्या दिवसांत वरसाव्याच्या पुलावर रस्ता निसरडा असतो, समोरचें धड दिसत नाहीं, आणि अवजड वाहनें एकामागून एक रेटीत येत असतात. अशा वेळीं वळणावर चाक किती फिरलें याची खोटी साक्ष मिळाली, तर तिची किंमत कोणत्या तरी घरास मोजावी लागेल. म्हणून अशा यंत्रांत पुष्कळदां दोन संवेदक ठेवितात, आणि दोहोंचें म्हणणें जुळेनासें झालें कीं यंत्र चालकास तसा इशारा देतें. कुलाबा आणि अलिबाग दोन वर्षें एकमेकांशीं ताडून पाहणाऱ्या मूस यांस ही पद्धति अनोळखी वाटली नसती. आणि खाडीच्या मुखाशीं बहकलेल्या सूचीचा वेध न गाळतां जशाचा तसा लिहून ठेवणाऱ्या कास्त्रुसही तिचें मर्म समजावून सांगावें लागलें नसतें.